माप कुणाच्या चेहऱ्याचं?

विल्यम डाउन्स या अमेरिकी ऑर्थोडॉन्टिस्टनं 1948 साली एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. त्यासाठी त्यानं बारा ते सतरा वर्षांची वीस मुलं निवडली होती, दहा मुलगे आणि दहा मुली. सगळी गोरी, आणि सगळ्यांचे दात उत्तम जुळलेले. त्यांच्या डोक्याचे बाजूनं एक्स-रे काढून डाउन्सनं त्यांवर पातळ कागद ठेवला, हाडांच्या आणि दातांच्या कडा गिरवल्या आणि दहा मापं घेतली. प्रत्येक मापाची सरासरी तर त्यानं दिलीच, शिवाय सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त आकडाही दिला. दात उत्तम जुळलेले असूनही चेहऱ्याचा सांगाडा किती निरनिराळा असू शकतो, हे त्याला दाखवायचं होतं. निबंधाच्या शीर्षकातच चेहऱ्यातल्या फरकांचा उल्लेख होता. पण पुढे जगभरच्या दवाखान्यांमध्ये पोहोचली ती त्या वीस मुलांची सरासरी. तिच्या दोन्ही बाजूंना पसरलेला पल्ला बराचसा पुस्तकातच राहिला.

दातांना तार लावून घेतलेल्या बहुतेकांनी हा एक्स-रे काढलेला असतो. डोकं हलू नये म्हणून दोन्ही कानांत छोट्या दांड्या अडकवतात, दात मिटायला सांगतात आणि बाजूनं चित्र घेतात. डॉक्टर मंडळी त्याला ‘लॅट-सेफ’ म्हणतात. हे तंत्र 1931 साली क्लीव्हलँडच्या होली ब्रॉडबेंटनं आणि त्याच वर्षी जर्मनीत होफ्राथनं स्वतंत्रपणे मांडलं. त्याआधी कवट्या मोजण्यासाठी शरीरशास्त्रज्ञ एक चौकट वापरत. ब्रॉडबेंटनं तीच कल्पना जिवंत माणसासाठी वापरली. एक्स-रेची नळी आणि डोकं यांतलं अंतर त्यानं पाच फुटांवर कायम केलं. त्यामुळे एकाच मुलाची दोन वर्षांच्या अंतरानं काढलेली चित्रं एकमेकांवर ठेवून जबडा किती वाढला ते पाहता येऊ लागलं. वाढ समजून घेण्यासाठी जन्मलेलं हे साधन लवकरच निदानाचं साधन झालं.

सेसिल स्टायनरनं 1953 साली दिलेले आकडे आजही ऑर्थोडॉन्टिक्सचा प्रत्येक विद्यार्थी पाठ करतो. कवटीच्या तळाशी पिच्युटरी ग्रंथी बसते त्या खोबणीपासून नाकाच्या मुळापर्यंत एक रेषा काढायची. त्या रेषेशी वरच्या जबड्याचा कोन 82 अंश, खालच्याचा 80 अंश, म्हणजे दोहोंतला फरक 2 अंश. वरचे पुढचे दात नाकाच्या मुळापासून वरच्या जबड्याकडे जाणाऱ्या रेषेशी 22 अंशांनी कललेले आणि तिच्या 4 मिलिमीटर पुढे, खालचे तिथूनच खालच्या जबड्याकडे जाणाऱ्या रेषेशी 25 अंश आणि 4 मिलिमीटर. ॲरिझोनातल्या चार्ल्स ट्वीडचा आग्रह आणखी नेमका होता: खालचे पुढचे दात जबड्याच्या खालच्या कडेशी 90 अंशांवर उभे हवेत. त्यानं हा आकडा ज्यांच्यावरून काढला, ते चेहरे त्याच्या स्वतःच्या नजरेला डौलदार वाटलेले होते.

एवढ्याशा अंशांनी काय बिघडतं, असं वाटू शकतं. बिघडतं ते असं: मुलीचे पुढचे दात या आकड्यांपेक्षा बरेच पुढे असले, की वरच्या-खालच्या मिळून चार उपदाढा काढायचा निर्णय होऊ शकतो. प्रत्येक बाजूला साधारण सात मिलिमीटर जागा मोकळी होते. तारेनं पुढचे दात त्या जागेत मागे ओढले जातात आणि त्यांच्यामागोमाग ओठही मागे जातात. तेराव्या वर्षी झालेला हा बदल त्या मुलीच्या चेहऱ्यावर पन्नासाव्या वर्षीही असतो. ज्या आकड्याच्या भरवशावर निरोगी दात निघतात तो आकडा कुठून आला, हे विचारण्याचा हक्क त्या दातांच्या मालकाला आहे, असं मला ठामपणे वाटतं.

हा प्रश्न एक्स-रेपेक्षाही जुना आहे. आधुनिक ऑर्थोडॉन्टिक्सचा पाया घालणारा एडवर्ड अँगल सुरुवातीला सुंदर चेहऱ्याचा नमुना म्हणून अपोलो बेल्व्हेडेरकडे, म्हणजे व्हॅटिकनमधल्या संगमरवरी पुतळ्याकडे बोट दाखवत असे. एडमंड वुर्पेल हा चित्रकार त्याचा मित्र होता आणि अँगलच्या विद्यार्थ्यांना तो कलेचे धडे देई. माणसांचे चेहरे इतक्या तऱ्हांचे असतात की एकच आदर्श सांगणं अशक्य आहे, हे त्यानं अँगलला पटवलं. मग अँगलनं चेहऱ्याचा नाद सोडून दातांच्या जुळणीलाच मानदंड केलं. ऑर्थोडॉन्टिक्सच्या इतिहासातला हा प्रसंग मला फार मोलाचा वाटतो. आयुष्यभर चेहरेच पाहणारा चित्रकार जे सांगत होता, ते आकडेवारीला उमगायला पुढे निम्मं शतक लागलं.

दरम्यान नमुने निवडण्याच्या तऱ्हा वाचल्या तर थक्क व्हायला होतं. रिचर्ड रीडेलनं 1957 साली सिएटलच्या सीफेअर उत्सवातल्या तीस ‘राजकन्यां’ची मापं घेतली. 1970 साली हार्वी आणि शेल्डन पेक यांनी सौंदर्यस्पर्धा जिंकलेल्या, मॉडेलिंग करणाऱ्या आणि लोकांना देखण्या वाटणाऱ्या 52 तरुण चेहऱ्यांचा अभ्यास केला. त्यातून निघालं ते असं, की सामान्य लोकांना आवडणारे हे चेहरे ऑर्थोडॉन्टिस्टांच्या प्रमाण आकड्यांपेक्षा अधिक भरलेले होते. दात आणि ओठ जरा पुढे होते. म्हणजे ते आकडे गोऱ्या अमेरिकी माणसांच्या स्वतःच्या आवडीपेक्षाही सपाट चेहऱ्याकडे झुकलेले होते.

आता हेच आकडे दुसऱ्या लोकसमूहांना लावले तर काय होतं? डाउन्सच्या निबंधानंतर तीनच वर्षांनी, 1951 साली, कॉटन, ताकानो आणि वाँग या तिघांनी हे करून पाहिलं. कॉटननं आफ्रिकी वंशाच्या अमेरिकी लोकांची, ताकानोनं जपानी स्थलांतरितांच्या अमेरिकेत जन्मलेल्या पिढीची आणि वाँगनं चिनी लोकांची मापं डाउन्सच्या पद्धतीनं घेतली. नमुन्यातल्या सगळ्यांचे दात उत्तम जुळलेले, कुणालाही उपचारांची गरज नाही. तरीही आकडे डाउन्सशी जुळेनात. पुढे 1965 मध्ये मिउरा आणि सहकाऱ्यांनी जपानी मुलांसाठी स्टायनरच्या पद्धतीचे आकडे काढले. 1969 मध्ये नंदा आणि नंदा यांनी उत्तर भारतीयांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यानंतर भारतात असे अभ्यास होत राहिले, महाराष्ट्रातल्या दंतमहाविद्यालयांतूनही झाले.

या सगळ्यांतून दिसणारा सर्वांत ठळक फरक जबड्यांपेक्षा दातांत आहे. वरच्या आणि खालच्या पुढच्या दातांच्या अक्षांमध्ये जो कोन होतो, तो डाउन्सच्या मुलांत सरासरी 135 अंशांच्या आसपास होता. आफ्रिकी, पूर्व आशियाई आणि भारतीय वंशाच्या बऱ्याच नमुन्यांत तो दहा-बारा अंशांनी, कधी त्याहूनही जास्त, कमी भरतो. कोन कमी म्हणजे दात पुढे झुकलेले आणि ओठ भरलेले. यात रोग काही नाही. त्या जबड्यांत दात असेच बसतात, आणि त्यांनी आयुष्यभर नीट चावताही येतं.

जबड्यांच्या आकड्यांची गोष्ट अधिक गुंतागुंतीची आहे. स्टायनरचे कोन नाकाच्या मुळाशी मोजले जातात. नाकाचं मूळ स्वतःच पुढे-मागे किंवा वर-खाली असलं, तर जबडा जागचा न हलताही कोन बदलतो. पूर्व आशियाई नमुन्यांत कवटीच्या तळाचा पुढचा भाग सरासरीनं आखूड आढळतो, त्यामुळे त्यांचे कोन युरोपीय कोनांशेजारी ठेवताना आपण दोन जबड्यांची तुलना करतोय की दोन कवट्यांच्या तळांची, हे चटकन कळत नाही. यावर जोहान्सबर्गच्या विटवॉटरझ्रँड विद्यापीठातल्या अलेक्झांडर जेकबसननं 1975 साली एक साधा तोडगा दिला. त्यानं कवटीचा तळ बाजूलाच ठेवला. दात जिथं एकमेकांवर मिटतात त्या पातळीवर दोन्ही जबड्यांतून लंब टाकायचे आणि त्यांच्यातलं अंतर मोजायचं. विद्यापीठाच्या लघुनामावरून हे माप ‘विट्स’ म्हणून ओळखलं जातं. त्यालाही त्रुटी आहेत, कारण दात मिटण्याची पातळी उपचारांनी बदलते. पण मोजण्याची रेषा कुठून काढली यावर उत्तर अवलंबून असतं, हे जेकबसननं लख्ख दाखवून दिलं.

मुद्दा केवळ चेहऱ्याच्या ठेवणीचा नाही, दातांच्या आकाराचाही आहे. सात-आठ वर्षांच्या मुलाच्या तोंडात काही दुधाचे दात असतात आणि काही कायमचे आलेले असतात. प्रत्येक बाजूच्या उरलेल्या सुळ्याला आणि दोन उपदाढांना जागा पुरेल का, याचा अंदाज तेव्हाच बांधावा लागतो. 1974 साली तनाका आणि जॉन्स्टन यांनी त्यासाठी तोंडी करता येईल असा हिशेब दिला: खालच्या चार पुढच्या दातांच्या रुंदीची बेरीज करायची, तिची निम्मी घ्यायची, खालच्या जबड्यासाठी त्यात साडेदहा आणि वरच्यासाठी अकरा मिलिमीटर मिळवायचे. हे सूत्र क्लीव्हलँड परिसरातल्या उत्तर युरोपीय वंशाच्या 506 मुलांच्या दातांवरून काढलेलं आहे. भारतातल्या अनेक अभ्यासांत त्यानं केलेला अंदाज प्रत्यक्षापेक्षा जास्त निघाला. अंदाज जास्त निघाला की जागा अपुरी भासते, आणि अपुऱ्या जागेचा विचार दात काढण्यापर्यंत जाऊ शकतो. 1909 साली पाँट या फ्रेंच दंतवैद्यानं दंतकमानीच्या रुंदीचं एक सूत्र दिलं होतं. ते फ्रेंच लोकांवरून काढलं आहे, दुसरीकडे वापरण्याआधी तिथं तपासून घ्या, असं त्यानंच बजावलं होतं. सूत्र जगभर गेलं, ताकीद मागे राहिली.

दातांच्या आकाराबद्दल सर्वांत भरघोस नोंद ऑस्ट्रेलियातली आहे. ॲडलेड विद्यापीठातले मरे बॅरेट आणि टास्मन ब्राउन 1951 पासून वर्षानुवर्षं मध्य ऑस्ट्रेलियातल्या युएन्डुमू वस्तीत जात राहिले. तिथल्या वार्लपिरी समाजातल्या त्याच त्या मुलांच्या दातांचे साचे ते पुन्हा पुन्हा घेत. या लोकांचे दात जगातल्या सर्वांत मोठ्या दातांपैकी आहेत, आणि त्यांना सामावणारे जबडेही तसेच ऐसपैस. काहींची वरची दंतकमान इतकी रुंद की दोन्ही बाजूंच्या दाढा एका वेळी जुळत नाहीत. माणूस एका बाजूनं चावतो, मग जबडा सरकवून दुसऱ्या बाजूनं. अँगलच्या मानदंडानं हा दोष ठरला असता. वार्लपिरी माणसासाठी ते रोजचं जेवण होतं.

ॲडलेडच्याच रेमंड बेगनं ऑस्ट्रेलियातल्या आदिवासींच्या दातांचा अभ्यास करून 1954 साली एक सिद्धांत मांडला. भरड खाण्यामुळे दात एकमेकांवर घासून झिजतात, त्यांच्या बाजूही झिजतात आणि तेवढी जागा आपोआप होते. मऊ अन्न खाणाऱ्या आधुनिक माणसात ही झीज होत नाही, म्हणून दात काढून ती जागा करणं नैसर्गिकच आहे, असं त्याचं म्हणणं. बेगची तार भारतात पुढची कित्येक दशकं शिकवली गेली. एका समाजाचा आहार आणि त्याची झीज पाहून काढलेला निष्कर्ष, भलत्याच समाजातल्या मुलांच्या उपदाढा काढण्याचं समर्थन झाला. बेगचं तंत्र यांत्रिकदृष्ट्या उत्तम होतं, त्यानं हजारो मुलांचे दात नीट झाले. त्याच्या सिद्धांताला मात्र इतक्या सहज मान्यता मिळायला नको होती.

चेहरा मोजण्याच्या इतिहासाला एक काळी बाजू आहे आणि ती टाळून हे प्रकरण लिहिणं अप्रामाणिक ठरेल. अठराव्या शतकात पेट्रुस कॅम्पर या डच शरीरशास्त्रज्ञानं चेहऱ्याचा कोन मोजायची रीत काढली. त्याच्या चित्रांत ग्रीक पुतळे एका टोकाला, माकडं दुसऱ्या टोकाला आणि जगभरची माणसं मध्ये ओळीनं मांडलेली होती. पुढच्या शतकात ती ओळ श्रेष्ठ-कनिष्ठतेची शिडी म्हणून वापरली गेली. हिंदुस्थानात हर्बर्ट रिझलीनं नाकाची रुंदी मोजून जातींची उतरंड लावली. नाक जितकं रुंद तितका सामाजिक दर्जा खालचा, असा त्याचा दावा होता, आणि 1901 च्या जनगणनेचा तो आयुक्तच होता. मालवणात जन्मलेल्या गोविंद सदाशिव घुर्ये यांनी 1932 च्या आपल्या ग्रंथात रिझलीचेच आकडे पुन्हा मांडून पाहिले. उत्तरेतला एक टापू सोडला तर हा नियम टिकत नाही, असं त्यांनी दाखवलं.

इरावती कर्वे यांची गोष्ट तर अंगावर काटा आणणारी आहे. 1920 च्या दशकाच्या अखेरीस त्या बर्लिनच्या कैसर विल्हेल्म संस्थेत ऑयगेन फिशरच्या हाताखाली संशोधन करत होत्या. फिशरला वंशश्रेष्ठता सिद्ध करायची होती. कवटीच्या दोन बाजूंमधला फरक गोऱ्यांत अधिक असतो आणि त्याचा संबंध त्यांच्या बुद्धीशी आहे, ही त्याची कल्पना, आणि ती तपासायचं काम इरावतीबाईंकडे आलं. त्यांनी 149 कवट्या मोजल्या आणि असा कुठलाही वांशिक संबंध दिसत नाही, हा निष्कर्ष त्या माणसाच्याच पुढ्यात प्रबंध म्हणून ठेवला. विशी-पंचविशीतली एक मराठी मुलगी, परका देश, आणि मार्गदर्शकाच्या मताविरुद्धचे आकडे. मोजमाप प्रामाणिक असलं की ते कुणाचीही बाजू घेत नाही, हे त्यांनी तिथं करून दाखवलं.

पुण्याला परतल्यावर त्यांनी वि. म. दांडेकरांबरोबर महाराष्ट्रातल्या लोकांची मापं घेतली. डेक्कन कॉलेजनं 1951 साली तो अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातली एक बाब आजच्या ऑर्थोडॉन्टिस्टनं भिंतीवर लावावी अशी आहे: एकाच जातिनामाखाली येणाऱ्या पोटजातीसुद्धा मोजमापांत एकसारख्या निघत नाहीत. तर मग ‘भारतीय’ प्रमाण आकडा म्हणजे नेमका कुणाचा? मणिपूरच्या मुलीचा, कच्छच्या मुलाचा की सिंधुदुर्गातल्या?

आणि इथंच प्रत्येक लोकसमूहासाठी वेगळा तक्ता करण्याच्या कामालाही मर्यादा पडते. त्या तक्त्यांनी एक मोठी चूक सुधारली, यात शंका नाही. पण एका समूहातल्या माणसांमध्ये किती फरक असतो ते पाहा. वरच्या जबड्याच्या कोनाचं प्रमाण विचलन साधारण साडेतीन अंश धरलं, तर एकाच समूहातली बहुतेक माणसं चौदा अंशांच्या पट्ट्यात पसरलेली असतात. दोन समूहांच्या सरासरींतला फरक मात्र अनेकदा दोन-तीन अंशांचा. तीन अंशांचा फरक धरला तरी कमी सरासरीच्या समूहातल्या दर पाच माणसांमागे जवळपास एकाचा कोन दुसऱ्या समूहाच्या सरासरीपेक्षा जास्त निघेल. हार्वर्डच्या विल्यम हॉवेल्सनं जगभरच्या अडीच हजारांहून अधिक कवट्या मोजल्या होत्या. जॉन रेलेथफर्डनं 1994 साली त्या आकड्यांवरून हिशेब केला, तेव्हा खंडाखंडांतल्या फरकाचा वाटा एकूण फरकाच्या 11 ते 14 टक्केच निघाला. बाकीचा सगळा फरक त्या-त्या प्रदेशातल्याच माणसामाणसांत होता.

म्हणून मराठी मुलांच्या सरासरीवर एखादी मराठी मुलगी ओढून बसवणं हे डाउन्सच्या सरासरीवर बसवण्यापेक्षा थोडंच बरं आहे. स्टायनरला हे ठाऊक होतं. दोन जबड्यांतला फरक दोन अंशांचा नसेल, तर पुढच्या दातांचे कोनही त्याप्रमाणे बदलून घ्यावेत, यासाठी त्यानं स्वतःच्याच आकड्यांना तडजोडीची जोड दिली होती. तक्ता शेजारी ठेवायचा तो या मुलीत नेहमीपेक्षा वेगळं काय आहे हे लक्षात यावं म्हणून. ते वेगळेपण मोडायचं की सांभाळायचं, हे तक्ता सांगत नाही.

आता कागद-पेन्सिल गेली. एक्स-रे संगणकात जातो, खुणा आपोआप बसतात आणि लाल-हिरव्या रंगांतला अहवाल बाहेर पडतो. त्याआधी कुठल्या समूहाचे आकडे तुलनेला घ्यायचे ते निवडावं लागतं. न्यू जर्सीत वाढलेल्या, वडील कोल्हापूरचे आणि आई कोरियन असलेल्या मुलासाठी त्या यादीत काय निवडणार? अहवाल हातात आल्यावर पालकांनी डॉक्टरांना हा प्रश्न जरूर विचारावा: ही तुलना कुणाशी केली आहे? चांगला डॉक्टर त्यानं चिडत नाही, उलट समजावून सांगतो.

दात फार पुढे आहेत का, हे ठरवायला एक तपासणी अशीही आहे जिला कुठल्याच वंशाचा तक्ता लागत नाही. मुलाला सैल उभं राहू द्यायचं, नजर समोर, ओठ मिटायला सांगायचं नाही. ओठ आपोआप मिटत असतील, किंवा त्यांच्यात जेमतेम फट राहत असेल, तर ते कितीही भरलेले असोत, दात आणि ओठ यांचं आपसांत जमलेलं असतं. फट तीन-चार मिलिमीटरहून जास्त राहत असेल, ओठ बाहेर वळलेले असतील आणि ते मिटवताना हनुवटीवर ताण येऊन कातडी खरबरीत दिसत असेल, तर दात मागे नेण्याचा विचार करायला खरं कारण आहे. मग त्या मुलाला आरशासमोर बसवून विचारायचं, की तुला स्वतःला काय बदलायला हवं आहे. आणि त्याचं उत्तर आकड्यांच्या शेजारी त्याच कागदावर लिहून ठेवायचं.